वंगण कुठे टिकतं?

शिलाई मशीनच्या भोकांत आपण पाण्यासारखं पातळ तेल सोडतो आणि बैलगाडीच्या आसाला घट्ट काळं वंगण फासतो. यांची अदलाबदल करायचं कुणाच्या मनातही येत नाही. बंदूक हाती आली की मात्र ही समज कुठे जाते कोण जाणे. ‘बंदुकीचं तेल’ म्हणून आणलेली एकच बाटली नळीपासून चापापर्यंत सगळीकडे फिरते आणि हात जितका सढळ, तितकी निगा चांगली असं मानलं जातं. वंगण किती बुळबुळीत आहे, हा यातला दुय्यम भाग. जिथे लावलं तिथे ते गोळी सुटण्याच्या क्षणी शिल्लक असेल का, हे आधी पाहायला हवं. तेल की ग्रीस की काहीच नको, हे त्यावरूनच ठरतं.

ग्रीस म्हणजे तेलाचा कुणी परका नव्हे. त्यात बहुतांश तेलच असतं; कॅल्शियम किंवा लिथियमच्या साबणाच्या जाळीत ते धरून ठेवलेलं असतं, इतकंच. दाब आला की थोडं सुटतं, बाकीचं जागेवर राहतं. या धरून ठेवण्याचं मोल अमेरिकी सैन्याला गॅरंड रायफलीनं शिकवलं. १९३६ मध्ये स्वीकारलेल्या या रायफलीत गोळीमागच्या वायूचा रेटा एका लांब दांड्याला मागे ढकलतो, दांड्याच्या खाचेत अडकलेला बोल्टचा कान त्याबरोबर वळतो आणि कुलूप उघडतं. खाच आणि कान जिथे एकमेकांवर घासतात, त्या चिंचोळ्या जागेवर प्रत्येक गोळीला जबर दाब येतो. मुसळधार पावसात तिथलं तेल धुऊन जाई, कोरडं पोलाद पोलादावर घासे आणि बोल्ट अडकून बसे. त्यावर उपाय निघाला तो ‘लुब्रिप्लेट’ नावाच्या ग्रीसचा. पाण्याला दाद न देणाऱ्या या ग्रीसची इवलीशी डबी रायफलीच्या दस्त्यातल्या पोकळीत जाऊन बसली. रायफल तीच, पोलाद तेच. पावसात टिकणारं वंगण तेवढं नवं.

अनुभवी नेमबाज एक सूत्र सांगतात: सरकतं तिथे ग्रीस, फिरतं तिथे तेल. सूत्र वाईट नाही. सरकणारा भाग प्रत्येक खेपेला वाटेतलं तेल पुसून नेतो, म्हणून तिथे घट्ट काहीतरी हवं. उलट बारीक पिनेभोवतीच्या फटीत तेल आपसूक ओढलं जातं आणि तिथेच राहतं. ग्रीस त्या फटीत धड शिरतही नाही. पण गॅरंडचीच वारस असलेली एम-१४ हे सूत्र मोडते. तिच्या बोल्टच्या कानावर छोटा रोलर आहे, म्हणजे हा भाग चक्क फिरतो, आणि तरी त्याला ग्रीसच लागतं. ते आत दाबून भरायला स्वतंत्र अवजारही बनवलं गेलं. रोलर उघड्यावर असतो, दाब मोठा आणि झटकाही जोराचा, त्यामुळे नुसतं तेल तिथे राहत नाही. सूत्र पाठ करण्यापेक्षा, इथून तेल पळून जायला कोणकोणत्या वाटा आहेत, हे पाहिलेलं बरं.

काही जागी मात्र वंगण टिकलं, तर तेच संकट. काडतूस जिथे बसतं त्या चेंबरचं उदाहरण घ्या. बार उडताच पितळी पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि मागे येणारा रेटा काही अंशी भिंतच सोसते. मध्ये तेलाचा थर असला तर पुंगळी निसटते आणि सगळा भार बोल्टवर पडतो. ग्लॉक पिस्तुलात फायरिंग पिन ज्या नळकांड्यातून धावते ते कोरडं ठेवावं, असं कंपनीचं माहितीपुस्तकच बजावतं, कारण तेलात काजळी आणि कचरा कालवला गेला की पिनेचा ठोका हलका पडतो. (काडतूस आणि चरबी हे शब्द जोडीनं आले की १८५७ आठवणारच. पण एनफिल्डची ती चरबी वेगळ्या कामाची होती: नळीच्या तोंडातून ठासायची गोळी सहज खाली उतरावी म्हणून.)

यावर कुणी म्हणेल, काडतुसांनाच तेल लावणाऱ्या मशीनगनही होऊन गेल्या. खरं आहे. इटलीची ब्रेडा ३० आणि जपानची टाइप ११ यांच्यात त्यासाठी तेलाची टाकीच बसवलेली होती. पण ती मूळ रचनेतली उणीव झाकण्यासाठी. पुंगळी बाहेर ओढण्याआधी ती हळूच सैल करण्याची सोय यंत्रणेत नीट नव्हती, म्हणून तेलाचा आधार. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रेडानं याची किंमत मोजली: तेलकट काडतूस वाळू गोळा करी आणि ती थेट चेंबरमध्ये नेऊन पोचवी.

यातूनच ‘धुळीत बंदूक कोरडी ठेवावी’ असा निष्कर्ष पुष्कळांनी काढला. वरवर तो पटतोही. पण अमेरिकी लष्करानं एम-४ कार्बाइनच्या धुळीतल्या चाचण्या घेतल्या तेव्हा, हात राखून वंगण लावलेल्यांपेक्षा भरपूर वंगण लावलेल्या बंदुका चांगल्या चालल्या. हा विरोधाभास नाही. बोल्टच्या सरकत्या पृष्ठभागांवर ओलावा असेल तर धूळ त्यात तरंगत राहते, बाजूला सारली जाते; चेंबरमध्ये तिला जायला जागाच नसते. अर्थात भरपूर वंगण म्हणजे अभय नव्हे. २००७ च्या चाचणीत वंगणानं माखलेल्या दहा एम-४ मिळून ६० हजार गोळ्यांत ८८२ वेळा अडखळल्या.

थंडीत हा हिशेब पुन्हा उलटतो. १९४१-४२ च्या हिवाळ्यात रशियात जर्मन सैन्याच्या शस्त्रांमधलं नेहमीचं तेल थिजून घट्ट झालं आणि बोल्ट रेंगाळू लागले. इथे वंगण टिकतं, पण अडसर होऊन. म्हणून कडाक्याच्या थंडीत अतिपातळ तेलाचा पुसट हात किंवा ग्रॅफाइटसारखी कोरडी पूडच बरी.

साफ करणारं, वंगण देणारं आणि गंज रोखणारं असं तिहेरी द्रव हल्ली एकाच बाटलीत मिळतं. मग एवढी चिकित्सा हवीच कशाला? सैनिकाच्या पाठीवरचं ओझं पाहता ही सोय मोलाची आहे, आणि रोजच्या रोज बंदूक साफ करणाऱ्याला ती पुरतेही. पण काजळी सोडवण्यासाठी जो पातळपणा लागतो, तोच पातळपणा जागा धरून राहण्याच्या आड येतो. रोज हात फिरत नसेल तर ही तडजोड महागात पडते.

आणि आपल्याकडे परवान्याच्या बंदुकीला रोज हात लागतो कुठे? कोकणात शेतीरक्षणासाठी ठेवलेली १२ बोअर वर्षातले बहुतेक दिवस खुंटीवर असते आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की अनेकदा पोलीस ठाण्यात जमा होते. खाऱ्या दमट हवेत पातळ तेल हळूहळू खाली ओघळतं, लाकडी दस्त्यात मुरून तो मऊ करतं आणि नळी उघडी पडते. अशा मुक्कामाआधी नळीवर आतून-बाहेरून घट्ट गंजरोधक थर हवा. बंदूक जिथे मधून मोडते, त्या बिजागरीवर बोटाच्या टोकाएवढं ग्रीस द्यावं, कारण तिथे गती कमी आणि भार जास्त. घरी आणल्यावर मात्र पहिलं काडतूस भरण्याआधी गजाला कोरडी चिंधी लावून नळी आणि चेंबर पुसायचे, चिंधी डागाशिवाय बाहेर येईपर्यंत. बिजागरीवरचं ग्रीस तसंच राहू द्यायचं.