‘घरच्यासारखी’ म्हणजे कशी?

गेल्या वर्षी संस्थेच्या गुणगौरव समारंभात बारावी उत्तीर्ण झालेल्या एका विद्यार्थिनीने उभे राहून प्रश्न विचारला. मुलगी पाटसची, पुण्याला जर्मन भाषेच्या वर्गाला जाते. “जर्मनीत ‘ओ पेअर’ म्हणून जाता येते असे वर्गात सांगतात. ते म्हणजे नक्की काय? मोलकरीणच ना?” व्यासपीठावर बसलेल्या आम्हा कार्यकर्त्यांपैकी एकालाही धड उत्तर देता आले नाही. एका ज्येष्ठ सभासदांनी तर “शिकून-सवरून परक्याची भांडी घासायला परदेशात कशाला जायचे?” असे म्हणून विषयच संपवला. त्यावर टाळ्याही पडल्या आणि मुलगी खाली बसली. ही गोष्ट आमच्या मनाला लागून राहिली. म्हणून आम्ही माहिती मिळवली आणि ती येथे देत आहोत. मात्र माहिती मिळवता मिळवता तो प्रश्न जर्मनीहून फिरून आमच्याच उंबरठ्यावर येऊन उभा राहिला, तेही सांगणे भाग आहे.

‘ओ पेअर’ हा शब्द फ्रेंच भाषेतला. त्याचा अर्थ ‘बरोबरीने’, ‘समान पातळीवर’. एका देशातील तरुण मुलगी किंवा मुलगा दुसऱ्या देशातील कुटुंबात जाऊन राहतो, त्यांची मुले सांभाळतो, हलक्या घरकामाला हात लावतो आणि त्या बदल्यात जेवण, राहण्याची खोली व हातखर्चाला पैसे मिळवून तिथली भाषा शिकतो, अशी ही पद्धत आहे. युरोपात ती बरीच जुनी. तिला शिस्त लावण्यासाठी कौन्सिल ऑफ युरोपने २४ नोव्हेंबर १९६९ रोजी स्ट्रासबर्ग येथे एक करार तयार केला. त्यात म्हटले की अशी व्यक्ती ना पूर्ण विद्यार्थी ना पूर्ण कामगार, तिच्यात दोन्हींचा अंश आहे. म्हणून तिच्यासाठी वेगळे नियम हवेत: वय साधारण १७ ते ३०, दिवसाला सहसा पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, आठवड्यातून किमान एक पूर्ण दिवस सुट्टी, आणि सगळ्या अटी आधी लेखी.

जर्मनीचे नियम याहून तपशिलात आहेत. अर्ज करताना वय १८ पूर्ण आणि २७ च्या आत लागते. जर्मन भाषेची ‘ए-१’ ही पहिली पायरी उत्तीर्ण असावी लागते. मुक्काम सहा महिने ते एक वर्ष. काम आठवड्याला ३० तासांपर्यंत, दिवसाला सहसा सहा तासांहून जास्त नाही. हातखर्च महिना २८० युरो, त्याशिवाय भाषेच्या वर्गासाठी महिना ७० युरो. आजारपण व अपघाताचा विमा कुटुंबाने उतरवायचा. आठवड्यातून दीड दिवस मोकळा, काही संध्याकाळी मोकळ्या, वर्षभर राहिल्यास चार आठवडे भरपगारी म्हणावी तशी रजा. आणि राहायला स्वतंत्र खोली, खिडकी असलेली, किमान आठ चौरस मीटरची. विमानाचे तिकीट मात्र बहुधा मुलीनेच काढायचे असते.

तेव्हा आमच्या विद्यार्थिनींनी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. ही नोकरी नव्हे. २८० युरोंत घरचे कर्ज फिटत नाही, भावाचे शिक्षण होत नाही. हे भाषा पक्की करण्याचे वर्ष आहे. ते संपल्यावर परत यायचे किंवा तिथल्या व्यावसायिक प्रशिक्षणासाठी वेगळा अर्ज करायचा. “पोरगी जर्मनीला नोकरीला लागली” असे सांगून कुणी दलाल लाखांची मागणी करत असेल, तर तो फसवतो आहे असेच समजावे. परदेशात नोकरी लावून देणाऱ्या दलालाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली सरकारी नोंदणी लागते. तिचा क्रमांक आधी मागावा. आखाती देशांचा मामला तर आणखी वेगळा आहे. तिथे घरकामासाठी जाणाऱ्या स्त्रीचे वय ३० पूर्ण नसेल तर आपले सरकार परवानगीच देत नाही, आणि हा नियम अनेकींचे हाल झाल्यावर आलेला आहे. युरोपातही सारे आलबेल नाही. ‘बरोबरीने’ या गोड शब्दाखाली स्वस्तातली कामवाली मिळवणारी कुटुंबे तिकडेही आहेत आणि त्यावर तिकडे टीकाही होते. फरक इतकाच, की तिथे मुलीच्या हातात कागद असतो. त्यावर तासांचा आकडा असतो.

हे सारे आम्ही त्या विद्यार्थिनीच्या आईला समजावून सांगितले. माउलीने तास विचारले नाहीत, पैसे विचारले नाहीत. तिने विचारले, “खोलीला आतून कडी असती का?”

या प्रश्नाने आम्ही पती-पत्नी घरी येईपर्यंत एकमेकांशी बोललो नाही. कारण १९९३ साली आमच्याकडे आलेल्या मुलीच्या आईने हा प्रश्न आम्हाला विचारला नव्हता, आणि विचारला असता तर आमच्याकडे खोलीच नव्हती.

आमच्या पिढीचे अनेक समाजबांधव ही कथा ओळखतील. शिकलो, नोकरी लागली, पुण्यात दोन खोल्यांचा संसार थाटला. दोघेही नोकरीवर. मूल झाले. आईवडील गावी शेतावर नाहीतर कारखान्यावर, ते येऊ शकत नव्हते. पाळणाघर परवडत नव्हते, आणि परवडले तरी तिथे आपल्या मुलाला कसे वागवतील ही धास्ती. मग गावाकडे शब्द टाकायचा. पाटस पुण्यापासून साठ-पासष्ट किलोमीटर, रेल्वेने सकाळी निघाले की दुपारी परत येता येते. नात्यातली एखादी पोर असतेच: तीन-चार बहिणींतली, सातवीत शाळा सुटलेली. “आमच्याकडे राहील, बाळाला खेळवील, आम्ही तिला शिकवू, घरच्यासारखी राहील.” आईबापालाही एका तोंडाची काळजी मिटल्यासारखे वाटते. असे हजारो घरांतून झाले, आमच्याही घरातून झाले.

ती आम्हाला मामा-मामी म्हणे. वय १२. सकाळी दूध आणण्यापासून रात्री भांडी लावण्यापर्यंत ती आमच्या घरात असे. झोपायची बैठकीच्या खोलीत, त्यामुळे पाहुणे उठेपर्यंत तिला आडवे होता येत नसे. तिच्यावर हात उगारला नाही, शिळे दिले नाही, दिवाळीला मुलीसोबत तिलाही कपडे घेतले. हे आम्ही अभिमानाने सांगत असू. शाळेचे मात्र दर वर्षी ‘येत्या जूनला’ असे होत राहिले. आधी बाळ लहान होते, मग दुसरे झाले, मग आमची बदली. चार वर्षांनी ती परत गेली तेव्हा तिच्या लग्नाला आम्ही भांड्यांचा संच आणि काही रोख दिली. पगार असा कधी दिला नाही; नात्यात पगार कसला, असे वाटायचे. त्या काळात आम्ही स्वतः आमच्या कार्यालयातील युनियनचे सभासद होतो, महागाई भत्त्यासाठी मोर्च्यात जात होतो, आणि मोर्च्याच्या दिवशी घरी मुले तीच सांभाळत होती.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका लग्नात ती भेटली. राग नव्हता. हसत म्हणाली, “मामी, तुमच्या पोरीला मी अ-आ-इ शिकवलं, अन् ती पुढं गेली.” तिला टोमणा मारायचा नव्हता. आम्हाला तो लागला.

आज तसे करणे गुन्हा आहे, हे अनेकांना अजूनही ठाऊक नाही म्हणून स्पष्ट लिहितो. १९८६ च्या बालकामगार कायद्यात १० ऑक्टोबर २००६ पासून १४ वर्षांखालील मुलांना घरकामाला ठेवण्यास बंदी आली. २०१६ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलाला कोणत्याच कामावर ठेवता येत नाही. शाळा सांभाळून आपल्याच कुटुंबाला हातभार लावण्यापुरती सूट आहे, पण ‘भाचीच आहे’ म्हणून शाळा बुडवून दिवसभर राबवण्याला ती आडोसा होऊ शकत नाही. १८ वर्षांखालच्या मुलीला कामाला बांधून ठेवले किंवा तिची कमाई आपल्याकडे ठेवून घेतली, तर २०१५ च्या बालन्याय कायद्याखाली पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड आहे.

१८ वर्षांवरील स्त्री कामाला ठेवायची असेल तर? महाराष्ट्राने २००८ साली घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. १८ ते ६० वयाच्या घरकामगार स्त्रीला त्याखाली नोंदणी करता येते. ही नोंदणी कागदाचा खेळ वाटतो, पण एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या निर्बंधांच्या वेळी सरकारने घरकामगारांना १,५०० रुपयांचे साहाय्य जाहीर केले ते नोंदणी असलेल्यांनाच. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाला तर २०१३ च्या कायद्यात घर हेही कामाचे ठिकाण धरले आहे. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. घरकामगारांसाठी देशपातळीवर वेगळा कायदा मात्र अद्याप नाही. २०११ साली जिनिव्हात घरकामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार झाला, भारताने त्याच्या बाजूने मत दिले, पण त्याला मान्यता दिलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा कायद्याचा विचार करण्यासाठी समिती नेमावी, असे केंद्र सरकारला सांगितले.

पुण्याला या बाबतीत स्वतःचा इतिहास आहे. १९८० साली शहरातील मोलकरणींनी संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगारवाढ, हक्काची रजा, दिवाळीचा बोनस या मागण्या तेव्हा पहिल्यांदा मध्यमवर्गीय घरांच्या दारात उच्चारल्या गेल्या. पण त्या बायका चार घरची कामे करून संध्याकाळी वस्तीत परतणाऱ्या. नळावर, बस थांब्यावर त्या एकमेकींना भेटत, दुसरीला काय मिळते ते कळे. घरात राहून काम करणाऱ्या मुलीला ना नळ ना थांबा. तिला कोण भेटणार? आमच्या मते तिची अडचण पगाराहून मोठी आहे ती इथे. दार तिच्या मागे बंद होते आणि तिच्या दिवसाला शेवट नसतो.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारे विधेयक १९४६ साली त्यांनीच मांडले. त्या ४८ तासांचा लाभ आमच्यापैकी किती घरांनी घेतला! आमच्या घरातल्या मुलीचे तास मात्र आम्ही कधी मोजले नाहीत. मोजले असते तर आठवड्याचे ८० भरले असते.

सिगालोवाद सुत्त आपल्या विहारांत अनेकदा सांगितले जाते. सिगाल नावाचा गृहस्थपुत्र राजगृहाजवळ सहा दिशांना नमस्कार करत होता, तेव्हा भगवान बुद्धांनी त्याला दिशांचा अर्थ समजावला. आईवडील पूर्व दिशा, गुरू दक्षिण, आणि नोकरचाकर ही खालची दिशा. मालकाची त्यांच्याविषयी पाच कर्तव्ये सांगितली: कुवत पाहून काम देणे, अन्न आणि वेतन देणे, आजारपणात शुश्रूषा करणे, घरात गोडधोड झाले तर वाटून खाणे, वेळोवेळी सुट्टी देणे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही गृहस्थांसाठीच्या विनयात बाबासाहेबांनी मालक-नोकरांच्या कर्तव्यांना जागा दिली आहे. आईवडील आणि गुरू यांच्या दिशांवर आम्ही व्याख्याने पुष्कळ ऐकली. खालच्या दिशेवर एकही आठवत नाही. त्या पाचांतली चौथी गोष्ट आम्ही पाळत होतो, आणि तेवढ्यावर आम्हाला वाटायचे की सगळे झाले.

आता आमच्या मुलीच्या घरी बाळाला सांभाळायला एक बाई राहतात. वय ४०, दौंड तालुक्यातल्याच. पहिल्या दिवशीच एका कागदावर लिहून दोघींनी सह्या केल्या: काम सकाळी सात ते दुपारी एक आणि चार ते सात, रविवारी सुट्टी, पगार पाच तारखेला त्यांच्या स्वतःच्या बँक खात्यात, आजारी पडल्यास औषधाचा खर्च घराचा, काम सोडायचे किंवा सोडवायचे तर महिनाभर आधी सांगायचे. स्वयंपाक आणि भांडी त्यांची नाहीत. रात्री मूल रडले तर आईने उठायचे. फ्लॅटमधली छोटी खोली त्यांना दिली आहे. दुपारी एक ते चार मोबाईल आणि दार दोन्ही त्यांच्या मर्जीचे. बाईंना सुरुवातीला हा कागद नको होता, “माझ्यावर विश्वास नाही का?” असे त्या म्हणाल्या. तिसऱ्या महिन्यात पाहुणे आले आणि सातनंतर चहा सांगितला गेला, तेव्हा त्यांनी कागदाकडे बोट दाखवले. जावईबापू जरा रागावले, पण चहा त्यांनीच केला.

त्या विद्यार्थिनीची ‘ए-१’ परीक्षा झाली असून एका जर्मन कुटुंबाशी तिचा पत्रव्यवहार चालू आहे. कुटुंबाने पाठवलेला करारनामा आम्ही जर्मन जाणणाऱ्या एका शिक्षकांकडून ओळ न् ओळ वाचून घेतला. खोलीचे माप त्यात दिले आहे. कडीविषयी काही नव्हते, म्हणून तिला पत्राने विचारायला सांगितले आहे. इतर कुणा विद्यार्थिनीला असा कागद आला असेल, किंवा कुणा सभासदाला घरी मदतनीस ठेवताना कागद करायचा असेल, तर सही करण्याआधी तो संस्थेच्या कार्यालयात रविवारी सकाळी घेऊन यावा. नमुन्याचा मराठी मसुदा आणि घरकामगार मंडळाच्या नोंदणीचा अर्ज तेथे ठेवला आहे.