शिवी कोणाच्या घरी राहते?

राजगृहाच्या वेळुवनात अक्कोस भारद्वाज संतापून आला. आपल्या गोत्रातला एकजण भिक्खू झाला, हा त्याचा राग. त्याने तथागतांना नाही नाही ते बोलून घेतले. तथागतांनी एवढेच विचारले की, तुझ्या घरी आलेले पाहुणे जेवले नाहीत तर ते अन्न कोणाचे? माझेच, तो म्हणाला. मग न घेतलेली शिवीही देणाऱ्याचीच राहिली! संयुत्त निकायातली ही गोष्ट. पुढे तोच अक्कोस संघात आला.

आमच्यातले पुष्कळजण मात्र मुकादमाची शिवी घेतात. तिथे बोलता येत नाही, म्हणून ती डब्याच्या पिशवीतून घरी येते आणि भाजीत मीठ कमी पडल्याच्या निमित्ताने बायकोच्या पदरात पडते. तिथून पोराच्या पाठीवर. मुकादम तिकडे सुखाने झोपलेला असतो.

म्हणजे निमूट सोसायचे का? मुळीच नाही. जातीवरून चारचौघांत अपमान केला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. साक्षीदार गाठा, तक्रार नोंदवा. पण ती लढाई तिथली तिथे लढावी. त्यात लेकरांचा काय गुन्हा?

आम्हाला वाटते, घरी आल्यावर आधी पाणी प्यावे, मग कामावर काय झाले ते बायकोला सरळ सांगावे. पुरुषाला याची लाज वाटते खरी. आणि तिलाही विचारावे, चार घरची भांडी घासताना आज तिने काय काय ऐकून घेतले.