हरवलेले शोधणारे यंत्र : पहिली निवड कशी करावी?

उन्हाळा चढू लागला की पैनगंगेवरील पेनटाकळीच्या जलाशयाचे पाणी मागे सरते. पावसाळ्यात जेथे पोहणाऱ्यांच्या डोक्यावरून पाणी जात होते, तेथे आता गाळाची आणि वाळूची उघडी पट्टी दिसू लागते. वर्षभरात तेथे किती जण आंघोळीला आले, कितींनी कपडे धुतले, किती मुले खेळली, याचा हिशेब कोणी ठेवलेला नसतो. कोणाची अंगठी बोटातून निसटते, कोणाचे जोडवे गळते, कोणाच्या कनवटीची नाणी सांडतात. बागेतल्या हिरवळीवरही हेच घडते. अशा वस्तू शोधण्याचे जे यंत्र मिळते, ज्याला सर्वजण मेटल डिटेक्टर म्हणतात, ते नवशिक्याने कसे निवडावे, एवढ्याच प्रश्नाचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

हा विषय कामगारांत वावरणाऱ्या माणसाने का घ्यावा, असे कोणी विचारील. त्याचे कारण आहे. आमच्या ओळखीच्या चार हमाल तरुणांनी मालकाकडून उचल घेतली, वर्गणी केली, आणि ‘तीस फुटांवरचे सोने दाखवणारे’ म्हणून एक यंत्र विकत घेतले. एक मूठ, तिच्यावर फिरणारी तार आणि एक दिवा, एवढाच त्याचा ऐवज. पडक्या वाड्याच्या जोत्याभोवती तीन रात्री खणून हाती मातीच आली. उचल मात्र पुढे वर्षभर मजुरीतून कापली जात होती. त्या तरुणांना कोणी आधी दोन गोष्टी समजावून सांगितल्या असत्या, तर ते फसले नसते. त्या दोन गोष्टी सांगण्यासाठीच हा लेख.

पहिली गोष्ट, खरे यंत्र चालते कसे ती. यंत्राच्या दांड्याच्या टोकाला एक तबकडी असते. तिच्यात तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून दिशा बदलणारी वीज सेकंदाला हजारो वेळा मागेपुढे वाहते आणि त्यामुळे तबकडीखालच्या मातीत बदलते चुंबकक्षेत्र पसरते. त्या क्षेत्रात धातूचा तुकडा आला की त्याच्या अंगात विजेचे लहान लहान भोवरे उठतात. ते भोवरे स्वतःचे क्षीण चुंबकक्षेत्र निर्माण करतात, आणि तबकडीतले दुसरे वेटोळे ते टिपते. जमिनीला विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर होय. उत्तर किती मोठे आले आणि किती विलंबाने आले, यावरून यंत्र धातूचा अंदाज बांधते. चांदी व तांबे यांचे उत्तर एका प्रकारचे, लोखंडाचे दुसऱ्या प्रकारचे.

या विद्येला सुमारे दीडशे वर्षे झाली. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली, तेव्हा टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी अशाच उपकरणाने त्यांच्या देहातली गोळी शोधण्याचा यत्न केला. तो फसला. पलंगाच्या पोलादी स्प्रिंगांनी घोटाळा केला असे सांगतात. शिवाय डॉक्टरांनी शरीराची एकच बाजू तपासू दिली. पुढे दुसऱ्या महायुद्धात पोलिश अभियंता कोसात्स्की याने बनवलेले सुरुंगशोधक यंत्र १९४२ साली एल अलामीनच्या रणभूमीवर वापरले गेले. बेल यांच्या फजितीतला धडा आजही खरा आहे. जवळ लोखंड असले की यंत्र फसते. पायात खिळ्यांचे बूट आणि हातात लोखंडी फावडे घेऊन शोधणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट खोलीची. यंत्राकडून धातूकडे जाताना क्षेत्र क्षीण होते आणि धातूकडून परत येताना पुन्हा क्षीण होते. लहान वस्तू दुप्पट खोल गेली, तर तिचे उत्तर निम्मे होत नाही. ते सुमारे चौसष्टपट क्षीण होते. म्हणून चांगल्या जमिनीतही नवशिक्याच्या यंत्राला एखादे नाणे साधारण १५ ते २० सेंटिमीटरपर्यंतच ऐकू येते, म्हणजे वीतभर. मोठे भांडे असेल तर थोडे अधिक खोल. तीस फुटांवरचे सोने दाखवतो असे जो म्हणतो, तो सृष्टीच्या नियमाविरुद्ध बोलतो आहे, एवढे समजले म्हणजे पुरे. फिरणाऱ्या तारेचा व्यापार केवळ आपल्याकडेच चालतो असेही नाही. जेम्स मॅकॉर्मिक नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने अशीच पोकळ मूठ-तार बाँब शोधण्याचे यंत्र म्हणून इराकला विकली. २०१३ साली ब्रिटनच्या न्यायालयाने त्याला दहा वर्षांची शिक्षा दिली. तोवर त्या तारेवर विसंबलेल्या नाक्यांवर माणसे मेली होती.

आता निवडीकडे वळू. नवशिक्याने चार प्रश्न विचारावेत : जमीन, पाणी, कचरा आणि वजन.

जमिनीचा प्रश्न आमच्या भागात सर्वांत महत्त्वाचा आहे. आपला बुलढाणा जिल्हा दख्खनच्या लाव्हारसावर बसलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या त्या काळ्या पाषाणात लोहखनिज मुबलक आहे, आणि त्याचाच चुरा होऊन आपली काळी माती व मुरूम झाला. लोहचुंबक दोरीला बांधून ओढ्याच्या वाळूतून फिरवा, काळी भुकटी त्याला चिकटून येईल. ही भुकटीदेखील यंत्राच्या प्रश्नाला उत्तर देते, आणि त्या गोंगाटात नाण्याचे उत्तर बुडून जाते. यावर उपाय म्हणजे जमिनीचा तोल साधणे. दुकानदार त्याला ग्राउंड बॅलन्स म्हणतात. तबकडी स्वच्छ जमिनीवर वरखाली हलवून यंत्राला ‘ही माती, हिच्याकडे दुर्लक्ष कर’ असे शिकवता येते. स्वस्त यंत्रांत हा तोल कारखान्यातच कायमचा बसवलेला असतो. मवाळ मातीच्या देशात तो चालतो. आपल्या मुरमावर तसे यंत्र कुरकुरत राहते. मग संवेदनक्षमता कमी करावी लागते आणि खोली हातची जाते. म्हणून जमिनीचा तोल स्वतः साधता येणारे, किंवा एकाच वेळी अनेक कंपनसंख्यांवर चालून मातीचा गोंगाट वेगळा काढणारे यंत्र घ्यावे. तबकडीतली वेटोळी एकात एक नसून शेजारी शेजारी असावीत. या प्रकाराला डबल-डी म्हणतात. खनिजयुक्त जमिनीत ती अधिक शांत राहते.

दुसरा प्रश्न पाण्याचा. नदीचे व धरणाचे गोडे पाणी यंत्राला फारसे बाधत नाही. समुद्राचे खारे पाणी मात्र स्वतःच विजेचे वाहक असल्याने त्रास देते. तेव्हा आपल्याला समुद्रासाठी बनवलेल्या महागड्या यंत्राची गरज नाही. परंतु एक बारकावा आहे. ‘जलरोधक’ हा शब्द पुष्कळदा फक्त तबकडीपुरता असतो. वरची पेटी, जिच्यात विद्युत्-मंडल असते, ती पाण्यात पडली की यंत्र संपले. गुडघाभर पाण्यात तोल जायला कितीसा वेळ लागतो?

उदाहरणादाखल तीन यंत्रे घेऊ. अमेरिकन गॅरेट कंपनीचे एस २०० हे सोपे व हलके यंत्र आहे, ते ६.५ किलोहर्ट्झवर चालते. त्याची तबकडी पाण्यात चालते, पेटी चालत नाही, आणि जमिनीचा तोल कारखान्यातच बसवलेला असतो. मिनेलॅब कंपनीचे व्हँक्विश ३४० अनेक कंपनसंख्यांवर चालते, त्यामुळे कठीण जमिनीत ते शांत राहते. परंतु त्याचीही पेटी पाण्याबाहेरच ठेवावी लागते. तुर्कस्तानातल्या नोक्ता कंपनीचे सिम्प्लेक्स प्लस १२ किलोहर्ट्झवर चालते, त्यात जमिनीचा तोल साधता येतो आणि ते संपूर्ण यंत्रच ३ मीटर पाण्यापर्यंत टिकते. मुरमाची बाग आणि धरणाचा काठ या दोन्हींचा विचार केला तर तिसऱ्या प्रकारचे यंत्र आम्हाला सोयीचे वाटते. नावे बदलतील, नवी यंत्रे येतील. गुण मात्र हेच पाहावेत.

तिसरा प्रश्न कचऱ्याचा. बागेत दहा वेळा आवाज झाला, तर बहुतेक वेळा खाली सोड्याच्या बाटलीचे बूच, गोळ्यांच्या पाकिटाची चांदी, चुन्याची डबी, खिळा किंवा बैलाच्या खुराची पत्री निघते. यंत्रात लोखंड गाळण्याची सोय असते. ती मोहक आहे, पण तिच्यात दोन सापळे आहेत. पहिला असा : बारीक सोन्याच्या अंगठीचे उत्तर ॲल्युमिनियमच्या कागदासारखेच येते. कचरा ऐकायचा नाही असे ठरवले की सोनेही ऐकू येत नाही. दुसरा सापळा आपल्या नाण्यांचा. परदेशी यंत्रांच्या पडद्यावर त्या देशांच्या नाण्यांची नावे वा आकडे असतात. त्यांचा आपल्याला उपयोग नाही. आपली एक व दोन रुपयांची पोलादी नाणी लोहचुंबकाला चिकटतात, म्हणून यंत्र त्यांना लोखंडात काढू पाहते. उलट जुन्या शिवराईचे तांबे, पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया यांची उत्तरे खणखणीत येतात. १९६४ नंतरचे ॲल्युमिनियमचे पैसे मध्येच कोठेतरी पडतात.

म्हणून विकत घेतल्यावर पहिले आठ दिवस कोठेही जाऊ नये. स्वतःच्या अंगणात एकेक नाणे, एक चांदीचे जोडवे, घरातल्या कोणाची परवानगी घेऊन एक अंगठी, एक खिळा आणि एक बूच, अशा वस्तू दोन, चार, सहा बोटे खोल पुराव्यात. प्रत्येकीवर खूण लावावी, तबकडी जमिनीला समांतर ठेवून सावकाश फिरवावी आणि कोणता आवाज, कोणता आकडा आला ते वहीत लिहावे. ही वही यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेहून अधिक उपयोगी पडते. बारीक साखळी, नाकातली चमकी यांचे उत्तर किती क्षीण येते, हेही तेथेच कळेल, आणि उगीच आशा बाळगली जाणार नाही.

चौथा प्रश्न वजनाचा. सव्वा-दीड किलो वजन हातात काहीच वाटत नाही. दोन तास ते डावी-उजवीकडे झुलवले की खांदा बोलू लागतो. ज्याने दिवसभर पोती वाहिली आहेत त्याला हे सांगायला नको. दांड्याची लांबी कमी-जास्त होते की नाही, हे दुकानातच उभे राहून पाहावे. कानाला लावायचे हेडफोन घ्यावेत. क्षीण आवाज त्यांतून कळतात आणि बागेत बसलेल्यांना उपद्रव होत नाही. एक खुरपी, एक पिशवी. खणलेला खड्डा गवतासकट पूर्ववत करावा आणि निघालेला कचरा पिशवीतून घरी न्यावा. बाग ज्या ग्रामपंचायतीची वा नगरपालिकेची, तिची आधी परवानगी घ्यावी.

कायद्याचेही दोन शब्द सांगितले पाहिजेत. जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. धनाला कोणी मालक नाही असे ठरले आणि जमीनमालकाशी वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला व एक चतुर्थांश जमीनमालकाला मिळते. लपवले तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. लोणार आणि सिंदखेड राजा येथल्या संरक्षित स्मारकांच्या हद्दीत खणणे १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे. तेथे यंत्र नेऊच नये. आणि गुप्तधनाच्या नावाने अघोरी प्रकार करणाऱ्यांसाठी आपल्या राज्यात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.

गुप्तधनाच्या मोहाला आणखी एक उत्तर आपल्या जिल्ह्याच्या मातीनेच दिले आहे. १८८८ साली मेहकरला जमिनीतून शारंगधर बालाजीची भव्य मूर्ती निघाली. २०२४ साली सिंदखेड राजाला पुरातत्त्व खात्याच्या उत्खननात शेषशायी विष्णूची मूर्ती निघाली. या भागातल्या भूमीने दिलेली ही मोठी धने, आणि दोन्ही पाषाणाची. त्यांच्यावरून कितीही महागडे यंत्र फिरवले असते, तरी ते गप्पच राहिले असते.

तात्पर्य, हे यंत्र गाडलेल्याचे नव्हे, हरवलेल्याचे आहे. चार-पाच जणांनी मिळून एक चांगले यंत्र घ्यावे. कर्ज काढून घेऊ नये; ते गावात सामायिक ठेवावे. वर्षभरात त्यातून पैसे सुटतील अशी आशा धरू नये. पण रोजंदारीवर जाणाऱ्या बाईचे कानातले धरणाच्या काठी पडले, तर तिच्या कित्येक महिन्यांच्या मजुरीची ती वस्तू असते. ती रडत घरी जाण्याआधी कोणीतरी यंत्र घेऊन आला, वाळूत वीतभर खोल शोधले आणि कानातले तिच्या हातावर ठेवले, तर यंत्राची किंमत वसूल झाली असे आम्ही समजू.