दगडाच्या डोक्यावरचं सरकार

कोकणातल्या एखाद्या वाडीतून गाडीने निघा आणि महामार्गाला लागा. तासाभराच्या या प्रवासात आपण तीन-चार सरकारं ओलांडतो, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो! गावातला अंतर्गत रस्ता ग्रामपंचायतीचा. गाव जोडणारे ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेचे. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सहसा राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचा.

डांबर सगळीकडे काळंच, मग ओळखायचं कसं? कडेचा किलोमीटरचा दगड बघा. डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्यमार्ग, केशरी असेल तर प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला रस्ता. लहानपणापासून ज्यांच्यावरचे आकडे आपण खिडकीतून मोजत आलो, ते दगड मालकाचं नावही सांगत होते.

ही वाटणी थेट राज्यघटनेतून आली आहे. सातव्या अनुसूचीने राष्ट्रीय महामार्ग संघसूचीत घातले, बाकीचे रस्ते-पूल राज्यसूचीत. १९९२च्या ७३व्या घटनादुरुस्तीने अकरावी अनुसूची आली. पंचायतींकडे सोपवता येतील अशा २९ विषयांच्या तिच्या यादीत रस्ते आणि पूल तर आहेतच, पण चक्क मोऱ्याही आहेत. आपल्या शेताजवळच्या त्या पाणी तुंबणाऱ्या मोरीची दखल देशाच्या घटनेने घेतली आहे, हे मला आजही विलक्षण वाटतं.

मात्र मालक कळला म्हणजे काम करणारा कळला, असं नाही. मुंबई-गोवा महामार्गच घ्या. रस्ता केंद्राचा. चौपदरीकरणात पनवेल ते इंदापूर हा टप्पा भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे गेला. इंदापूरच्या पुढे झारापपर्यंतचं काम केंद्राच्या वतीने राज्याच्या बांधकाम विभागाने हाती घेतलं. एकाच रस्त्यावर इंदापूरच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या खड्ड्यांसाठी दोन वेगळी दारं! कोकणवासीयांचे अर्ज वर्षानुवर्षं इकडून तिकडे फिरत राहिले, त्यात या वाटणीचा वाटा मोठा आहे, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून खड्ड्याचा फोटो काढाल तेव्हा जवळच्या दगडाचाही काढा. रंग आणि किलोमीटर, दोन्ही अर्जात लिहा. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ हा मदत क्रमांक चोवीस तास चालू असतो.