काळविटाला हवे उघडे माळरान

पावसाळा लागला की पारनेर तालुक्यातल्या शाळांमधून वृक्षारोपण होते. झाडे वाढली की वन्यप्राणीही वाढतील, असे आपण मुलांना सांगतो. हरणांच्या बाबतीत हे विधान जरा तपासून पाहू.

ज्यांना आपण सरसकट हरणे म्हणतो, त्यांत दोन गट आहेत. चितळ-सांबरांची शिंगे भरीव असतात व ठरावीक काळाने गळून पुन्हा उगवतात. हे सारंग झाडीच्या आश्रयाने राहतात. काळवीट आणि चिंकारा हे कुरंग. त्यांची शिंगे म्हणजे हाडावरचे पोकळ आवरण. ती गळत नाहीत. काळवीट मुख्यतः गवत खातो. शत्रूला दुरून पाहणे व वेगाने पळणे हाच त्याचा बचाव. म्हणून त्याला उघडे माळरान लागते. आपल्याच अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे १९८० साली त्याच्यासाठी अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर आहे. एवढ्याशा जागेत गवताचा प्रत्येक तुकडा मोलाचा ठरतो.

मग दाट झाडे लावली तर काय बिघडते? मारवेल, पवन्या यांसारखी आपली गवते सी-४ पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करतात. कडक उन्हात व कमी पाण्यात ही पद्धत फायद्याची असते. पण तिला जास्त ऊर्जा लागते. सावलीत तो फायदा उरत नाही आणि गवत विरळ होत जाते. मध्य अमेरिकेतून आलेला गिरिपुष्प भराभर वाढतो, गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. म्हणून तो माळांवर खूप लावला गेला. त्याखाली हिरवाई दिसते, चारा मात्र दिसत नाही. चारा संपला की कळप ज्वारी-हरभऱ्यात उतरतात आणि नुकसान शेतकऱ्याचे होते.

अमेरिकेच्या दक्षिण भागात पाइनच्या लागवडीत हाच प्रश्न येतो. झाडांचे शेंडे एकमेकांना भिडले की जमिनीवर अंधार पडतो. म्हणून तेथे काही झाडे काढून विरळणी करतात, अधूनमधून नियंत्रित आग लावतात. उजेड पोचला की पाला उगवतो, हरणे येतात आणि शिकारीलाही संधी मिळते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळवीट व चिंकाऱ्याच्या शिकारीस बंदी आहे. तेव्हा शिकार सोडून द्यावी, पण उजेडाचे तत्त्व घ्यावे. आगीचीही नक्कल नको. उन्हाळ्यात माळ पेटला तर टिटवीसारख्या पक्ष्यांची जमिनीवरची अंडी जळतात.

गिरिपुष्प नुसता तोडून भागत नाही, कारण खुंटाला पुन्हा धुमारे फुटतात. ते वारंवार काढावे लागतात. बोर, हिवर ही इथली झाडे सावलीपुरती राखावीत. वनजमिनीवर हे काम अर्थातच वनखात्याचे. गावाच्या हाती आहे ती चराईबंदी. पारनेर तालुक्यातीलच राळेगणसिद्धीने ती पाळून दाखवली. गवताला बी धरेपर्यंत विसावा मिळाला, तर ते आपोआप पसरते.

आता एक उपक्रम. पावसाळ्याच्या अखेरीस एक मीटर लांबी-रुंदीची काठ्यांची चौकट करा. ती दाट झाडांखाली पाच ठिकाणी व उघड्या माळावर पाच ठिकाणी ठेवा. प्रत्येक वेळी आतील गवताचे प्रकार आणि ठोंब मोजा. मग वर्गात विचारा : पुढच्या वर्षी रोपे कोठे लावायची, आणि कोठे लावायची नाहीत?