उत्खननपूर्व अभ्यासात ऐतिहासिक नकाशांचा उपयोग : मुंबईच्या कोटाच्या संदर्भात

प्रस्तावना
प्रत्यक्ष उत्खननापूर्वी अभिलेखागारात व ग्रंथालयात बसून स्थळाविषयीची उपलब्ध माहिती एकत्र करणे, हा पुरातत्त्वीय संशोधनाचा पहिला टप्पा होय. गॅझेटिअर, महसुली दप्तरे आणि प्रवासवर्णने यांच्या जोडीला जुने नकाशे हे या टप्प्यावरील महत्त्वाचे साधन आहे. मात्र नकाशा हा विशिष्ट हेतूने तयार झालेला दस्तऐवज असतो. तो हेतू लक्षात न घेता केलेले वाचन दिशाभूल करते. प्रस्तुत लेखात मुंबईच्या कोटाच्या आधारे या साधनाचा उपयोग व मर्यादा स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

साधने व त्यांचा हेतू
ईस्ट इंडिया कंपनीने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेल्या या तटबंदीला अपोलो गेट, चर्चगेट आणि बझारगेट असे तीन मुख्य दरवाजे होते. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत (१८६२-६७) ती पाडण्यात आली. लष्करी अभियंत्यांच्या आराखड्यांत बुरूज व खंदक बारकाईने दाखविलेले असतात. सामान्य वस्ती मात्र त्रोटक असते. थॉमस डिकिन्सन यांचे १८१२-१६ मधील सर्वेक्षण महसुलासाठी होते, त्यामुळे त्यात जमिनीच्या हद्दींना महत्त्व मिळाले. लॉटन यांचे शहर सर्वेक्षण (१८६५-७२) तटबंदी पाडली गेल्यानंतरच्या बदलत्या शहराचे आहे. म्हणूनच नकाशावरील रिकामी जागा म्हणजे तेथे काहीच नव्हते, असा अर्थ काढता येत नाही.

अभ्यासपद्धती
अलीकडच्या नकाशापासून आरंभ करून क्रमाने मागे जाणे श्रेयस्कर ठरते. प्रत्येक नकाशा आजच्या नकाशाशी जुळविण्यासाठी स्थान न बदललेल्या वास्तू निवडाव्यात. कोटाच्या बाबतीत सेंट थॉमस कॅथिड्रल (१७१८) आणि टाउन हॉल (१८३३) या वास्तू उपयुक्त ठरतात. पैकी दुसरी अर्थातच १८३३ नंतरच्या नकाशांपुरती. सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या परिसरात उरलेला किल्ल्याचा भाग जुळणी पडताळण्यास साहाय्यभूत होतो.

प्रमाणाचाही विचार आवश्यक आहे. एका इंचास एक मैल, म्हणजे १:६३,३६० या प्रमाणाच्या नकाशावरील अर्धा मिलिमीटर जाडीची रेषा जमिनीवर सुमारे ३२ मीटर रुंदी व्यापते. अशा नकाशावरून प्रदेशाचे स्वरूप कळेल. परंतु उत्खननाचा चर कोठे घ्यावा, हे ठरविता येणार नाही.

स्थलनामांबाबतही सावधगिरी हवी. चर्चगेट हा दरवाजा आजच्या फ्लोरा फाउंटनपाशी होता. त्याचे नाव धारण करणारे रेल्वे स्थानक त्याच्या पश्चिमेस बऱ्याच अंतरावर आहे. केवळ नावावरून शोध घेणारा अभ्यासक दरवाजाचा पाया चुकीच्या जागी शोधेल.

उत्खननास होणारे साहाय्य
नकाशावरून खंदकाची रेषा निश्चित झाली, तर तेथे भरावाचा थर अपेक्षित धरता येतो. खंदक केव्हा बुजविला हे कागदपत्रांतून कळल्यास भरावाच्या कालनिश्चितीस आधार मिळतो आणि त्याखालील गाळातील वस्तू त्याआधीच्या असण्याची शक्यता तपासता येते. अर्थात हे अनुमानच होय. त्याची सिद्धता जमिनीतच व्हावयाची असते.

समारोप
१९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक केंद्रीय अधिनियमातील २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकाभोवतीचे १०० मीटर प्रतिषिद्ध व त्यापुढील २०० मीटर विनियमित क्षेत्र आहे. परंतु रस्त्याखाली गाडला गेलेला, कोणत्याही यादीत नसलेला पाया या तरतुदीच्या कक्षेत आपोआप येत नाही. जलवाहिनीसाठी वा इमारतीच्या पायासाठी जमीन खोदली गेली की तेथील थर कायमचे नष्ट होतात. तेथे काय असू शकेल याची पूर्वसूचना देणारे साधन पुष्कळदा जुना नकाशाच असतो. इतिहास, भूगोल व स्थापत्य या विभागांतील प्राध्यापकांनी आपापल्या गावांचे व शहरांचे नकाशे एकत्रितपणे अभ्यासावेत. खोदकामापूर्वी झालेला असा अभ्यासच संबंधितांना वेळीच सावध करू शकेल.