शंभर मिलिमीटर पाऊस, तीस लाख टँकर

शंभर मिलिमीटर म्हणजे आडवी धरलेली हाताची पाच बोटं. जुलैच्या एखाद्या दिवशी विरारला एवढा पाऊस होणं नवलाचं नाही. आता ही पाच बोटं वसई-विरार महापालिकेच्या सगळ्या हद्दीवर पसरा. हद्द ३०० चौरस किलोमीटरच्या वर आहे. हिशेबाला ३०० धरू. पाणी होतं ३ कोटी घनमीटर, म्हणजे ३,००० कोटी लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये ते भरायचं ठरवलं तर ३० लाख टँकर लागतील. सूर्या, उसगाव, पेल्हार आणि पापडखिंड या चार ठिकाणांहून शहराला वर्षानुवर्षं रोज सुमारे २३ कोटी लिटर पाणी मिळत आलं. त्या हिशेबानं एका दिवसाचा पाऊस शहराला १३० दिवस पुरला असता. विरारच्या फुलपाड्याच्या वरच्या अंगाला असलेलं पापडखिंडीचं धरण तर दिवसाला १० लाख लिटरच्या आसपास पाणी देणारं. त्याच्या मापानं मोजलं तर हा साठा ८२ वर्षांचा झाला.

हे पाणी एका दिवसात येतं आणि त्याला त्याच दिवसात समुद्राकडे जायचं असतं. वसई-विरारची सगळी काळजी या एका वाक्यात आहे.

समुद्राच्या वाढीची गोष्ट निघाली की आपल्याला मालदीव आठवतं. १७ ऑक्टोबर २००९ रोजी तिथल्या मंत्रिमंडळानं पाण्याखाली बैठक घेतली आणि ते छायाचित्र जगभर गेलं. त्याच वर्षी ३ जुलैला वसई-विरार महापालिका जन्माला आली होती. मालदीवच्या जवळपास बाराशे बेटांची सगळी जमीन मिळून होते सुमारे ३०० चौरस किलोमीटर, आपल्या महापालिकेएवढीच. तिथली लोकसंख्या २०२२ च्या गणनेत पाच लाखांच्या थोडी वर होती. वसई-विरारनं २०११ च्या जनगणनेतच बारा लाखांचा आकडा ओलांडला होता. एका द्वीपराष्ट्राच्या दुपटीहून अधिक माणसं तेवढ्याच जमिनीवर राहतात. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला अरबी समुद्र. मग या शहराच्या हवामान-जोखमीचा हिशेब एखाद्या देशाच्या गांभीर्यानं का होऊ नये?

आपलं दुखणं मालदीवहून अवघडही आहे. तिथे डोंगर नाही. इथे पूर्वेला तुंगारेश्वरची रांग सहाशे मीटरच्या वर चढते, जीवदानीचा डोंगर फुलपाड्याच्या डोक्यावर उभा आहे. किनाऱ्याला वाळूचा उंचवटा आणि त्यावर वाड्या. मधला भाग बशीसारखा खोल: भातशेती, खाजणं, मिठागरं, आणि आता नालासोपाऱ्यापासून पसरलेल्या इमारती. डोंगरावरचं पाणी या बशीत उतरतं आणि खाडीला भरती असेल तर तिथेच थांबतं. जुलै २०१८ मध्ये हे साऱ्यांनी पाहिलं. नालासोपाऱ्यात रूळ बुडाले, वसई-विरार लोकल बंद पडली, मिठागरांत शेकडो माणसं अडकली, अडकलेल्या गाडीतल्या प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. वीज गेली, ती काही भागांत कित्येक दिवस आली नाही. त्यानंतर महापालिकेनं नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आणि आयआयटी मुंबई यांना पुराच्या अभ्यासाला बसवलं.

आता समुद्राकडे वळू. पृथ्वीवरच्या महासागरांचं क्षेत्र सुमारे ३६ कोटी १० लाख चौरस किलोमीटर. त्यांची पातळी एका मिलिमीटरनं वर यायला ३६१ घन किलोमीटरची भर पडावी लागते. वसई-विरारच्या त्या रोजच्या २३ कोटी लिटरांशी भागाकार करा: ४,३०० वर्षांचं पाणी! आणि २००६ ते २०१८ या काळात समुद्र दरवर्षी ३.७ मिलिमीटरनं वाढत होता, असं आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीचा सहावा अहवाल सांगतो. यातलं सगळंच नवं पाणी नव्हे. बर्फ वितळून आलेल्या पाण्याबरोबर तापून फुगलेलं जुनं पाणीही त्यात आहे. हरितगृह वायूंचं उत्सर्जन फार वाढतं राहिलं तर २१०० पर्यंत जागतिक पातळी साधारण ६० सेंटिमीटर ते एक मीटर चढेल, असा त्याच अहवालाचा अंदाज आहे.

यावर कोणी म्हणेल, आमच्याकडे उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर वरखाली होतंच, त्यात अर्धा मीटर काय मोठा? मोठा आहे. एक साधं गणित मांडून बघू. भरती-ओहोटीत ४.४ मीटरचा फरक धरू आणि नाल्याचं तोंड सरासरी समुद्रपातळीच्या एक मीटर वर आहे असं मानू. भरतीचं चक्र सुमारे १२ तास २५ मिनिटांचं. त्यातले ८ तासांच्या जवळपास खाडी नाल्याच्या तोंडाखाली असते आणि पाणी आपोआप निघून जातं. समुद्र अर्धा मीटर वाढला की हा वेळ ७ तासांवर येतो. दिवसाला दोन भरत्या, म्हणजे निचऱ्याचे दोन तास रोज गेले. समुद्र रस्त्यावर न येताही रस्ता बुडतो तो असा. खारबंदिस्तीच्या उघाड्या, म्हणजे बांधातली दारं, सांभाळणाऱ्या शेतकऱ्यांना हे समीकरण न सांगता कळत होतं: ओहोटीला दार उघडायचं, भरतीला पाणी दाबून बंद करायचं. दारामागे पाणी धरून ठेवायला खाजणाची मोकळी जागा होती, म्हणून ते जमत होतं.

वरून पाऊसही वाढतो आहे. हवा एका अंशानं तापली की तिची बाष्प धरण्याची ताकद सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. आपल्या ३० लाख टँकरांत आणखी २ लाख १० हजारांची भर.

सर्वात थक्क करणारा आकडा मात्र जमिनीखाली आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. किनाऱ्याच्या वाळूत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं आहे. फरक जेमतेम अडीच टक्क्यांचा. त्यामुळे विहिरीतलं गोडं पाणी समुद्रपातळीहून एक फूट वर असेल तर खाली साधारण चाळीस फूट गोडं पाणी टिकतं. उलटही तितकंच खरं: उपसा करून पातळी एका फुटानं उतरवली की कालांतरानं खारं पाणी चाळीस फूट वर सरकू शकतं. मालदीव आणि तुवालूच्या प्रवाळबेटांवरचे लोक याच नियमावर जगतात. वसईच्या वाड्यांतले बागायतदारही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीनं टँकरच्या बेसुमार उपशाविरुद्ध आवाज उठवला, तो या चाळीसपटीविरुद्धचा लढा होता. वाडीतली बावखलं, म्हणजे छोटी तळी, पावसाचं पाणी जिरवून तो एक फूट राखत होती. एक बावखल बुजलं की जमिनीखालचं केवढं भांडवल जातं, हे त्याच्या आकारावरून कधीच लक्षात येत नाही.

तुवालूची जमीन २६ चौरस किलोमीटर, माणसं दहा-अकरा हजार. त्या देशानं आधी विमानातून लेझर सोडून आपल्या बेटांची उंची मोजून घेतली. मग फुनाफुटी या राजधानीच्या बेटावर ७८० मीटर लांब आणि १०० मीटर रुंद अशी नवी, उंच जमीन समुद्रातून काढली. किनारा राखण्याच्या या सगळ्या प्रकल्पाला हरित हवामान निधीनं ३ कोटी ६० लाख डॉलर दिले. आपल्याला जमीन काढायची गरज नाही, आहे ती खोलगट जमीन मोकळी ठेवायची आहे. मला तुवालूकडून घ्यावासा वाटतो तो क्रम: आधी उंची, मग आराखडा.

आपल्याकडे काय लागेल तेही मोजता येतं. शंभर मिलिमीटरांतलं अर्धं पाणी मुरलं किंवा ओहोटीत वाहून गेलं असं धरलं, तर उरतं दीड कोटी घनमीटर. दोन मीटर खोलीच्या धारण तलावांत ते काही तास थोपवायला साडेसात चौरस किलोमीटर जागा हवी, शहराच्या अडीच टक्के. मिठागरं, खाजणं, जुने तलाव आणि बावखलं मिळून ही जागा अजून सापडेल; भराव पडत राहिला तर सापडणार नाही, आणि नंतर ती कुठल्याही पैशानं विकत घेता येणार नाही. समुद्र चढलाच तर मागे सरायला तुवालूच्या लोकांपुढे ऑस्ट्रेलियाशी २०२३ मध्ये झालेला स्थलांतराचा करार आहे, वर्षाला २८० जणांसाठी. बारा लाखांसाठी असा करार कोण करणार?

म्हणून प्रत्येक गल्लीची, प्रत्येक नाल्याच्या तोंडाची आणि प्रत्येक उघाडीची समुद्रपातळीपासूनची उंची मोजून ती लोकांसमोर लावावी. पुढचा विकास आराखडा आखताना निळ्या रंगाचे ते साडेसात चौरस किलोमीटर नकाशावर पहिल्यांदा उतरावेत, त्यांवर आरक्षण पडावं, आणि पिवळ्या रंगाच्या रहिवासी पट्ट्यांना त्यानंतरच हात लागावा.